मागचा जिना

"अगं आई, तिकडे कुठे निघालीस? दार इकडे आहे."

आई मात्र सवयीनं बंगल्याला वळसा घालून मागच्या अंगाला पोचलीही होती. तिथे आता नुसती भिंत. दार बुजवलंय हे लेकीनं घरीच सांगितलं होतं, पण म्हातारीच्या पायांना कोण सांगणार?

बंगला व्हिक्टोरियन काळातला. एका कापूसवाल्या शेठनं हौसेला मोल नाही म्हणत बांधलेला. कोपऱ्यावर मनोरा, खिडक्यांना रंगीत काचा, खोलीखोलीत शेकोटी. शेकोटीला कोळसा लागतो आणि कोळसा वाहायला माणूस लागतो. पण तो माणूस पाहुण्यांच्या नजरेला पडता कामा नये. म्हणून भिंतींच्या पोटातून नोकरांसाठी वेगळा अरुंद जिना काढलेला. शेठच्या नातवाच्या संसारात आईची उमेदीची वर्षं गेली. पुढे वारसांचं फाटलं, बंगल्यात कचेरी आली, तीही गेली. आता तिथे संग्रहालय होतं आणि तिकिटाच्या खिडकीत लेक बसायची.

आईला एकदा पुढच्या जिन्यानं मानानं वर न्यायचं, हे लेकीनं नोकरी लागल्या दिवसापासून मनात धरलं होतं. तो सागवानी जिना आईनं जन्मभर पुसला, तोही वरून खाली, उलट्या पावली. वर जायचं ते मागच्यानंच.

"चढ आता. कोण अडवतंय बघू."

आईनं कठड्यावरून बोट फिरवलं. "धूळ आहे गं." तीन पायऱ्या चढून ती थांबली. "छान आहे. पण मला मागच्यानं जायचंय."

"तो पाडला. तिथे लिफ्ट बसवली."

आईचा चेहरा पडला. लेकीला रागच आला. "एवढा राजरस्ता सोडून त्या अंधाऱ्या बोळाचं कसलं कौतुक तुला?"

"तुझे बाबा कोळशाची बादली घेऊन वर यायचे, मी कपडे घेऊन खाली. वळणावर दोघं मावायचो नाही. मग मी भिंतीला चिकटायची," आई हळूच म्हणाली. "घरी एका खोलीत सासूबाई, दीर, तुम्ही पोरं. जवळ उभं राहायला आम्हाला तेवढीच जागा होती."

बाबा जाऊन कैक वर्षं झाली होती. लेकीनं आईचा हात धरून तिला लिफ्टकडे नेलं.

लिफ्ट चांगली ऐसपैस होती. ती निम्म्यावर आली तशी आईनं डोळे मिटले, अंग चोरलं आणि पाठ भिंतीला घट्ट लावली.

"आई, अगं भरपूर जागा आहे."

"असू दे. त्यांच्या हातात ओझं असतं."

लेकही समोरच्या भिंतीला टेकली आणि मधली वाट मोकळी ठेवली.