खाडाखोड

बाईंच्या वर्गात खोडरबर बाकावर ठेवायची परवानगी नव्हती. तो दप्तरात असायचा, आणि दप्तरं भिंतीशी. आधी डोक्यात करायचं, मग कागदावर उतरवायचं, हा बाईंचा नियम, आणि पहिलीपासून हा वर्ग त्यांच्याकडेच होता. त्यामुळे चौथीच्या वह्या अशा लख्ख असत, की शाळा बघायला कोणी आलं की मुख्याध्यापक त्यांना थेट तिथेच आणत.

“वर्ग आहे की दवाखाना?” चित्रकलेच्या बाई म्हणायच्या. त्यांच्या स्वतःच्या बोटांना कायम रंग लागलेला असे, तेव्हा बाईंनी ते कधी मनावर घेतलं नाही.

या लख्ख वह्यांतली सगळ्यात लख्ख वही खारीची. पेन्सिलीची टोकं कुरतडते म्हणून तिला सगळे खार म्हणत. गणितं पण ती तशीच कुरतडायची. बाकीचे गणित उतरवून घेत असायचे, तोवर हिचं उत्तर तयार. मग बाई म्हणत, “झालं? शाब्बास. आता पुढची दहा घे.” पुढची दहा मागच्या दहांसारखीच. ती झाली की, “आता शेजारणीला समजावून सांग.” शेजारीण म्हणजे ढब्बू. ढब्बूला तीनदा सांगितलं की चौथ्यांदा निराळीच चूक करायची, आणि वर हसायची.

खार कधी कुरकुरली नाही. चुकायची तर मुळीच नाही. बाई तिच्यावर जीव टाकत.

गावातल्या मोठ्या शाळेत शनिवारी गणिताचा खास वर्ग सुरू झाला. प्रत्येक शाळेतून एक मूल पाठवायचं, त्याची परीक्षा घेणार, आणि पास झालं तर पुढची सगळी वर्षं तिथं फुकट शिकवणार. बाईंनी दुसऱ्या कुणाचा विचारही केला नाही. खारीची आई इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. तिनं त्या दिवसासाठी लेकीच्या फ्रॉकला अशी इस्त्री केली, की पोरगी बसमध्ये बसायला तयार होईना, उभीच राहिली.

“घाबरू नकोस गं,” बाई वाटेत म्हणाल्या. “तुला काय अवघड आहे?”

परीक्षा तासाभराची होती. बाई बाहेर बाकावर बसून होत्या. आत तीनच प्रश्न आहेत हे कळल्यावर त्यांना जरा हसू आलं. खार पाच मिनिटांत बाहेर येईल असं वाटलं त्यांना. ती सगळ्यात शेवटी आली, आणि चप्पल घालताना पट्टा लागेना म्हणून तशीच चालू लागली.

परीक्षा घेणारे सर तरुण होते. त्यांनी बाईंना हळूच बाजूला बोलावलं आणि कागद दाखवला. वर खारीचं नाव, सुरेख अक्षरात. खाली काही नाही.

“काहीच कसं नाही?” बाई म्हणाल्या.

“मलाही नवल वाटलं. हा पहिला बघा. एक, दोन, तीन, प्रत्येक आकडा दोनदा. सहाही एका ओळीत असे मांडायचे, की दोन एकांच्या मध्ये एक आकडा, दोन दोनांच्या मध्ये दोन आणि दोन तिनांच्या मध्ये तीन आकडे येतील.”

“याची रीत काय?”

“रीत नाही. मांडायचं, मोडायचं, परत मांडायचं. उत्तर चुकलं तरी चालतं, बाई. मुलं काय काय करून बघतात तेच आम्ही बघतो. एकानं तर कागद फाटेस्तोवर खोडलंय. त्याला घेतला आम्ही.”

परतीच्या बसमध्ये बाईंनी विचारलं, “अगं, काहीतरी लिहायचं तरी.”

“डोक्यात येत नव्हतं,” खार म्हणाली. “मग कसं लिहायचं?”

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

दोन दिवस खार शाळेत आली नाही. बाई संध्याकाळी इस्त्रीच्या दुकानात गेल्या. आई शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, “ताप नाही, काही नाही. म्हणते, आता बाईंना मी आवडणार नाही. मी म्हटलं, वेडी का खुळी! बाई काय तुझ्या मार्कांशी बोलतात होय?”



खार परत आली त्या दिवशी बाईंनी खोडरबर बाकावर काढायला लावले. पोरांना वाटलं, बाईंना बरं नाही. मग त्यांनी फळ्यावर ते तीन जोड्यांचं गणित मांडलं आणि स्वतः सोडवायला घेतलं. चुकल्या. पुसलं. परत चुकल्या. वर्ग आधी गप्प होता, मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग एकच गलका झाला. “बाई, तीन कडेला घ्या!” “गप रे, दोन कुठे जाईल मग?” तास संपायच्या आत ढब्बूनं कागदाचे तुकडे करून, सरकवून सरकवून ते जमवलं. तीन, एक, दोन, एक, तीन, दोन. तिला स्वतःलाच खरं वाटेना. तिनं परत परत मोजलं.

“खारे, तू बघतेस?” बाईंनी विचारलं.

“मला ते येत नाही,” खार म्हणाली. अगदी नीट, नम्रपणे. आणि पुस्तकातलं पुढचं उदाहरण सोडवू लागली.

बाईंनी रोज काहीतरी नवं आणायला सुरुवात केली. वर्गात कागदाचे कपटे पडू लागले, वह्या चित्रकलेच्या बाईंच्या बोटांसारख्या दिसू लागल्या. खारीची वही मात्र तशीच राहिली. चार वर्षांचं वळण आठवड्यात कसं सुटणार?

वर्ष संपायला आलं होतं. चार जोड्यांचं गणितही पोरांनी फोडलं होतं. तेव्हा ढब्बूनं विचारलं, “बाई, पाच जोड्यांचं जमतं का?”

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

पोरांनी कागदांवरून माना वर केल्या. बाईंना माहीत नाही म्हणजे काय? खारीनंही मान वर केली. थोड्या वेळानं बाई बाकांमधून फिरत होत्या, तर खार वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहीत होती. लिहीत होती, खोडत होती, रबराचा चुरा हातानं झटकत होती. बाई जवळ येताच तिनं कोपर आडवं टाकलं. बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, “बघू गं.” त्यांनी ते गिळलं आणि पुढे गेल्या. त्या दिवशी त्या घरी जाताना स्वतःशीच हसत होत्या.

सुट्टी लागली. पाचवी दुसऱ्या शाळेत.

सुट्टीत बाईंनी स्वतः ते पाचचं करायला घेतलं. जमेना. आपलंच डोकं चालत नाही असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. पुढे शाळा उघडल्यावर ते तरुण सर कुठल्याशा बैठकीत भेटले, तेव्हा त्यांनी सहज विचारलं.

“पाचचं?” सर म्हणाले. “ते होतच नाही, बाई. कितीही मांडा. कुणालाही जमणार नाही.”

बैठकीतलं पुढचं बाईंना काही ऐकू आलं नाही. त्या तिथून थेट इस्त्रीच्या दुकानात गेल्या.

“ती आत्याकडे असते आता,” आई म्हणाली. “तिथली शाळा जवळ पडते.”

“आणि गणित?”

“गणिताचं नाव काढू देत नाही. मागे सुट्टीत कसले आकडे घेऊन बसायची, जेवायला उठायची नाही. मग एक दिवस सगळं फाडून टाकलं. मला म्हणाली, आई, मला खरंच नाही येत.”

बाईंनी इस्त्रीच्या फळकुटाची कड धरली. “तिला सांगा, ते पाचचं जमतच नाही.”

“तिला पाच जमत नाही?”

“तिला नाही हो! कुणालाच नाही. ती चुकली नाही. ते गणितच तसं आहे.”

आईनं इस्त्री उभी करून ठेवली. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. “मग तुम्ही ते तिला दिलंत कशाला?”

“मला माहीत नव्हतं.”

“तुम्हाला?” आई हसली. बाई थट्टा करताहेत असं तिला वाटलं. मग त्यांच्या तोंडाकडे बघून तिनं हसू आवरलं आणि म्हणाली, “रविवारी फोन असतो तिचा. या तुम्ही, तुम्हीच बोला.”

बाई रविवारी आल्या. त्यांनी सगळं नीट, सावकाश सांगितलं.

“बरं,” पलीकडून खार म्हणाली. मग म्हणाली, “आईला देता का?”