सहा खाटांचं प्रस्थान

चेतना सिस्टर त्या आठवड्यात जमिनीवर नव्हतीच. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, चारही दिवस तिच्या दोन नंबर वॉर्डातून घरी जाणारे सगळे पेशंट बाराच्या आत घरी गेले होते. सोलापूरच्या त्या हॉस्पिटलात असलं आक्रीत कधी घडलं नव्हतं. एरवी डॉक्टरांनी सकाळी नऊला 'जा घरी' म्हणायचं आणि पेशंटनं पाचपर्यंत चपला घालून खाटेवर बसायचं, हाच तिथला रिवाज. तोवर नवे पेशंट कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर छताकडं बघत पडलेले.

पैज लावली होती चिंतामणी सरांनी. सर तिथले प्रशासक. माणूस वाईट नाही, पण खर्च म्हटलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. ही दिरंगाई मोडायला त्यांना सॉफ्टवेअर घ्यायचं होतं आणि त्यासाठी वॉर्डातल्या तीन मावशी कमी करायच्या होत्या.

"पेशंटला उठवून बसवणार कोण, सॉफ्टवेअर?" चेतनानं भर मीटिंगमध्ये विचारलं.

"मग पाच दिवस देतो," सर म्हणाले. "रोज बाराच्या आत खाटा रिकाम्या करून दाखवा. आणि औषधं न समजावता एकालाही हाकललं, तर तेही नापास."

एक दिवस चुकला की मावशींच्या नावांचं पत्र निघणार होतं. पहिलं नाव बाळाबाईचं होतं. बारा वर्षं तिनं त्या वॉर्डात माणसं उचलली, पुसली, भरवली होती, आणि तिच्याशिवाय वॉर्ड ही कल्पनाच चेतनाला सहन होत नव्हती.

म्हणून चेतनानं कंबर कसली. फाइली आदल्या संध्याकाळी तयार. औषधं खाटेपाशी हजर. बिलाचा कागदही वॉर्डातच. बुधवारी तर पेशंट असे भराभर निघाले की अकरालाच खाटा मोकळ्या. स्वतःच्याच पाठीवर थाप मारायला हात पुरेना.

आणि उजाडला शुक्रवार.

दहा वाजून दहा मिनिटं. सहा पेशंट घरी जायचे. कागद तयार, औषधं तयार. राहिलं होतं फक्त टाके बघणं आणि औषधं समजावणं. पण कुणी जागचं हलेना! घरी न्यायच्या जीपला फोन नाही, चपला खाटेखालीच. पाय मोडलेला सिदू तर पांघरूण घेऊन पुन्हा आडवा झाला होता.

"अहो, घरी जायचंय ना?" चेतनानं गौरम्माला विचारलं. अक्कलकोटकडची म्हातारी, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली.

"ईग ब्याडव्वा," गौरम्मानं हात हलवला. "आत्ता नगं. साडेधाला राहुकाळ लागतोय. बारापतूर उंबरा वलांडायचा न्हाय."

"तुमचं तपासून होईस्तोवर अकरा वाजतील की!"

"म्हणूनच बारानंतर जातो की आमी, निवांत."

चेतना गर्रकन वळली. मागं बाळाबाई बेडपॅन घेऊन उभी होती.

"मावशी, हे आजच कसं उपटलं?"

"रोजच असतंय," बाळाबाई म्हणाली. "येळ तेवढी बदलती. बुधवारी बाराला लागत हुता, म्हणून आधीच पळाली समदी. तुमाला वाटलं तुमच्या घड्याळामुळं व्हय?"

"अगं मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी इचारलं?"

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली.

बाळाबाईनं बेडपॅन खाली ठेवला. "प्रस्थान ठिवलं तर चालंल का वो, गौरम्मा? गाठोडं आधी भाईर गेलं म्हंजी माणूस निगाल्यातच जमा की."

गौरम्मानं क्षणभर डोळे मिटले. सगळा वॉर्ड तिच्या तोंडाकडं बघत होता.

"चालतंय," ती म्हणाली. "पर सुपारी पायजे. परत्येक गाठोड्यात येक."

बाळाबाईनं कमरेची चंची सोडून खाटेवर उलटी केली. मोजून सहा सुपाऱ्या निघाल्या! मग जी काय पळापळ सुरू झाली म्हणता! कडक भाकरीचं गाठोडं, चटणीचा डबा, सोलापुरी चादरीत बांधलेले कपडे, सिदूच्या बायकोची तांब्याची कळशी. ती हॉस्पिटलात कशाला आणली होती ते तिलाच माहीत. तिन्ही मावशी जिन्यावरून खाली. खुद्द चेतना सिस्टर डोक्यावर गाठोडं आणि काखेत कळशी घेऊन धावली.

वळणावर चिंतामणी सर आडवे आले. "सिस्टर, हे काय चाललंय?"

"खर्च वाचवतेय सर, बाजूला व्हा!"

गेटसमोरच्या मल्लिनाथच्या चहाच्या गाड्यापाशी सहावं गाठोडं टेकलं तेव्हा दहा एकोणतीस झाले होते. भर रस्त्यात चेतनानं बाळाबाईला कडकडून मिठी मारली. मल्लिनाथनं न सांगता सगळ्यांना चहा दिला.

पुढचं सगळं सावकाश झालं. टाके बघितले, सिदूला कुबड्या धरायला शिकवल्या, गौरम्मानं कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर ते दोनदा म्हणून दाखवलं. अकरा शेहेचाळीसला शेवटची खाट रिकामी झाली आणि कॉरिडॉरमधल्या पहिल्या स्ट्रेचरला जागा मिळाली.

चेतनानं सरांना सगळं खरं सांगितलं, बुधवारची फुशारकीसुद्धा. सरांनी तयार ठेवलेलं मावशींच्या नावांचं पत्र फाडलं.

"माझ्या सॉफ्टवेअरला हे सुचलं नसतं," ते म्हणाले. "सोमवारच्या मीटिंगला मावशींना घेऊन या."

त्या खोलीत बाळाबाई बारा वर्षं टेबल पुसायला जात होती. सोमवारी ती पहिल्यांदा तिथल्या खुर्चीवर बसली. चेतनाचा ऊर अभिमानानं भरून आला होता.

"बोला मावशी," सर म्हणाले. "आणखी कुठं खर्च वाचेल?"

"खरं बोलू?"

"बोला की."

"हितं तुमी पाच जणं बसलाय आन् एसी लई गार लावलाय. तितं वॉर्डात तीन पंखं बंद हायत. पेशंट पुठ्ठ्यानं वारा घेत्यात. ह्ये कुणाच्या कागदावर न्हाय व्हय?"

चेतनानं हसू दाबायला ओठ चावला. सर उठले, रिमोट शोधून एसी बंद केला आणि वहीत लिहिलं, पंखे, तीन.

"पुढचं?" त्यांनी विचारलं.

बाळाबाईनं पदर सावरला. "पुढचं लई हाय, साहेब," ती म्हणाली. "टाइम हाय न्हवं?"