बावन्न सेकंद

पेनाचं टोपण कुणीतरी चावलेलं होतं, आणि असल्या उष्ट्या पेनानं आपण सही करायची — इंदिराच्या मनात आधी हे आलं, समोरचा संमतीचा फॉर्म नंतर. नवऱ्याच्या टाळूचा मागचा भाग कापणार, पडजीभ आखूड करणार, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडायचा थांबेल... आणि वेणीमाधव हिरव्या झग्यात पलंगावर बसून, कुठे सही करायची ते तिला बोटानं दाखवत होता.

बत्तीस वर्षं दाखवतच होता. नोकरी केव्हा सोडायची, मुलगी कुठे द्यायची, आमटीत मीठ किती. श्वासाचं मशीन आणलं तर मुखवटा लावून झोपायला मी माकड आहे का, म्हणाला. भर चौकात डोळा लागून गाडी दुभाजकावर चढवली, तर म्हणे तुझ्या बडबडीनं लक्ष उडालं. तिनं तेव्हा तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं.

भूल देणाऱ्या डॉक्टर तेजस्विनी आल्या. श्वास किती वेळ थांबतो, त्यांनी विचारलं.

फार नाही, ही उगाच वाढवून सांगते, वेणीमाधव म्हणाला.

"चाळीस सेकंद," इंदिरा म्हणाली. "एकदा बावन्न."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. सूज उतरेपर्यंत श्वास अजूनही अडू शकतो, आठवडाभर रात्री यांच्यावर लक्ष ठेवा, असं तिला बजावून त्या गेल्या. वेणीमाधव तिच्याकडे बघतच राहिला.

"तू मोजत होतीस?"

हो, मोजत होते. पहिली काही वर्षं घोरणं तुटलं की ती घाबरून त्याला हलवायची. मग कधीतरी हात लगेच उचलला नाही — घड्याळाचा काटा सरकत राहिला, आणि तिला कळलं की सबंध घरात ही एकच गोष्ट आपण ठरवायची आहे. हलवलं तिनं. दर वेळी हलवलं, पण आपल्या सवडीनं. मी मनात आणलं असतं तर... आणि आता तेवढंही कापून टाकायचं. संताप आला तिला, इतका की सही कागद फाडून उमटली.

"इंदिरा," त्याचा आवाज खाली आला होता, "उठवायचीस ना गं लगेच?"

"जिवंत आहात ना तुम्ही?"

आत न्यायला माणसं आली. स्ट्रेचरची चाकं वळेपर्यंत तो मान उचलून तिच्याकडे बघत होता, आणि त्या डोळ्यांत ऑपरेशनची भीती नव्हती, तिची होती. लाज वाटायला हवी, असं तिला वाटलं. वाटली नाही. दार अजून उघडं होतं, दोन शब्द बोलता आले असते... इंदिरा बाकावर नीट टेकून बसली. आठवडाभर, डॉक्टर म्हणाल्या होत्या.