उजव्या हाताची कातर

मी कातर. शिंप्याची, काळ्या मुठींची, हातात घेतली की मनगटाला वजन कळावं अशी. आम्ही तोंड उघडलं की कशाचे तरी दोन तुकडे होतात, म्हणून एरवी मी मिटून असते. पण आज या घराबद्दल चार शब्द बोलायचे आहेत आणि तेही कौतुकाचे. कौतुक करणं माझ्या स्वभावात नाही, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

एका लोहाराने मला मालमोटारीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून घडवलं. दोन पाती, मध्ये एक स्क्रू. एक मूठ अंगठ्यासाठी लहान, दुसरी बोटांसाठी लांबट. लहान मुठीला त्याने आतून असा उतार दिला की उजवा अंगठा त्यात अलगद बसावा. डावा घातला तर कडा रुतते. शिवाय माझी पाती उजव्या हाताच्या दाबानेच एकमेकांना भिडतात. डाव्या हातात ती फाकतात आणि कापड कापलं न जाता मध्येच दुमडून चघळलं जातं. लोहाराच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्याकडे आजवर उजव्या हाताचीच माणसं आली होती.

मला विकत घेतलं एका तरुण शिंप्याने. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात, तसं यालाही म्हणायचे. पुढे मुलगा हाताशी आला तेव्हा हे मोठे मास्तर झाले. खाली दुकान, वर घर. दुकानात लांबलचक टेबल, दोन मशिनी आणि मागे एक पडदा. पडद्याआड त्यांची बायको बसून काजं करायची. कोटाचं नाव मास्तरांना मिळायचं. काजं कोणाची, हे गिऱ्हाइकाने कधी विचारलं नाही.

मास्तरांचा माझ्यावर भारी जीव. मला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, माझ्याने कागद कापायचा नाही, मला टेबलाच्या कडेला ठेवायचं नाही. ते कापड बेतायला उभे राहिले की दुकानातलं बोलणं थांबायचं. कानावरचा खडू उतरायचा, रेघ पडायची आणि मी तिच्यावरून सरसर जायचे. कापून झालं की ते कडेवरून बोट फिरवायचे आणि "चालेल" एवढंच म्हणायचे. याहून मोठा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता, स्वतःच्या कामासाठीही नाही.

त्यांना एकच मुलगा. चमचा डाव्या हातात, पेन्सिल डाव्या हातात, चेंडूही डाव्याच हातात. मास्तर आधी हसण्यावारी न्यायचे. मुलाची आई म्हणायची, "मोठा झाला की सुटेल आपोआप."

एकदा वकीलसाहेब आपला कोट न्यायला आले. दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मुलाने मोठ्या ऐटीत कोट उचलला आणि त्यांच्यापुढे धरला, डाव्या हाताने. वकीलसाहेबांनी तो घेतला नाही. मुलाने हात बदलेपर्यंत ते थांबले आणि मग म्हणाले, "मास्तर, कपडे झकास शिवता. पोराला मात्र वळण लावा."

त्या संध्याकाळी मास्तरांनी ताग्याच्या किनारीची एक पट्टी कापली, माझ्यानेच. तिने त्यांनी मुलाचा डावा हात कमरेशी बांधला.

"अहो, जेवताना तरी सोडा," बायको म्हणाली.

"जेवतानाच तर बांधायचा. उद्या हा माझ्या जागी उभा राहणार. डावऱ्याकडे कोण कापड टाकेल?"

मास्तर दुष्ट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. गाठ करकचून तर बसली नाही ना, हे ते पुन्हा पुन्हा बघायचे. त्यांना लोकांची धास्ती होती. दुकान लोकांवर चालत होतं, आणि लोकांना डावा हात नको होता. पोरगं मात्र बांधलेल्या हाताकडे असं बघायचं की मला माझ्या धारेची लाज वाटायची.

मुलगा शिकला. उजव्या हाताने लिहायला, जेवायला, शेवटी मला धरायलाही. पण कापायला उभा राहिला की आधी त्याचा डावा अंगठा हलायचा, मग तो गप बसायचा आणि मग उजवा हात पुढे यायचा. परक्याच्या घरी पाहुण्याने कप धरावा तसा तो मला धरायचा. रेघेवरून मी केसभर घसरायचे. मोठे मास्तर कडेवरून बोट फिरवायचे आणि "चालेल"सुद्धा म्हणायचे नाहीत. शेवटी मुलगा मशिनीवर बसला आणि कापणं वडिलांकडेच राहिलं. लोक त्याला धाकटे मास्तर म्हणू लागले, पण त्याला स्वतःला ते कधी खरं वाटलं नाही.

एक गोष्ट फक्त मला आणि नंतर या घरात आलेल्या सूनबाईला ठाऊक होती. दुपारी दुकानात कोणी नसलं की धाकटे मास्तर खडू डाव्या हातात घ्यायचे आणि टेबलावरच मुंढा काढायचे. मुंढा म्हणजे बाही जिथे बसते तो गोलावा. शिंप्याची खरी परीक्षा तिथेच होते. एका दमात काढलेली ती रेघ इतकी देखणी असायची की तिच्यावरून धावायला माझी पाती शिवशिवायची. मग ते मनगटाने रेघ पुसून टाकायचे. सूनबाई पडद्याआडून बघायची आणि गप्प राहायची.

बाकी गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती. सासू गेली, काजं तिच्याकडे आली आणि थोड्याच दिवसांत तिने तो पडदा धुवायला काढला, तो परत लावलाच नाही.

"पडदा कुठे गेला?" मोठ्या मास्तरांनी विचारलं.

"तिथे उजेड येत नाही, बाबा. काजं वाकडी जातात."

वाकड्या काजांपुढे मास्तरांची मात्रा चालेना. या घरातले मोठे बदल असेच झाले. भाषण कोणी ठोकलं नाही. कोणाला तरी उजेड कमी पडत होता, इतकंच.

बाहेरचं जगही पालटत होतं. तयार कपड्यांची दुकानं आली. वकीलसाहेबांचा मुलगा कोट विकत आणायचा आणि आमच्याकडे फक्त बाह्या आखूड करायला टाकायचा. परत नेताना त्याचे डोळे फोनमध्ये. कोट कोणत्या हाताने पुढे आला, हे त्याला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. ज्या लोकांच्या धाकाने हात बांधला, ते लोक असे हळूहळू निघून गेले. मोठे मास्तर दाराजवळच्या खुर्चीत बसून हे सगळं बघायचे. त्यांचे हात आता थरथरत होते.

मग आली मिठू, धाकट्या मास्तरांची लेक. खरं नाव वेगळं, पण तोंडाचा पट्टा इतका की सगळे मिठूच म्हणायचे. धाकट्या मास्तरांनी वडिलांना जन्मभर "तुम्ही" म्हटलं. ही बापाला "तू" म्हणायची आणि बापाला ते आवडायचं. मिठूने चमचा उचलला तो डाव्या हाताने. शाळेतल्या बाईंनी तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं, शेजारणीला कोपर लागू नये म्हणून. मिठूने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, वा बाई, किती साधा उपाय.

एका सुट्टीच्या दिवशी मिठूने मला उचललं. अस्तराचा एक तुकडा तिने माझ्या तोंडात दिला आणि मी तो चघळला. तिने जोर लावला, तशी मुठीची कडा तिच्या अंगठ्यात रुतली. धाकटे मास्तर मशिनीवरून उठले.

"उजव्या हातात धर."

तो आवाज त्यांचा नव्हता. कोणाचा होता ते मी ओळखलं, आणि खुर्चीतल्या मोठ्या मास्तरांनीही.

"उजव्याने नाही येत मला," मिठू म्हणाली.

धाकट्या मास्तरांनी वाकून जमिनीवर पडलेली किनारीची पट्टी उचलली. सूनबाईची सुई थांबली. ते पट्टी घेऊन नुसते उभे राहिले. मग त्यांनी ती स्वतःच्याच बोटाभोवती गुंडाळली आणि खिशात घातली.

"ठेव ती कातर," ते म्हणाले. "तुला मशीन शिकवतो."

मी पुष्कळ शूर माणसांचे कोट कापलेत, पण हातात आलेली पट्टी खिशात घालायला लागतं तेवढं धैर्य मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही. बापाने आपल्याला मिळालेलं लेकीला दिलं नाही. तरी काम अर्धंच झालं होतं. हात मोकळा राहिला, पण कापणं तिच्या वाट्याला आलं नाही.

मिठू मोठी झाली, शिवणकामाच्या कॉलेजात गेली. घरी येऊन एकदा म्हणाली, "कॉलेज संपलं की मी दुकानात बसणार. अख्खे कोट शिवणार, अंगाला बसणारे. लोक पुन्हा मागायला लागलेत."

"आणि कापणार कोण?" धाकट्या मास्तरांनी विचारलं. "आजोबांच्याने आता होत नाही. माझा हात तुला ठाऊक आहे. कापता येत नसेल तर दुकान नुसत्या उसवायच्या कामावर चालणार नाही. विकून टाकू."

"मी कापेन."

बापाने माझ्याकडे बघितलं. मोठ्या मास्तरांनी मान खाली घातली.

पुढे जे झालं, त्याला मी काय म्हणावं ते मला अजून कळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरातले वर जेवत असताना, मोठे मास्तर खुर्चीतून उठले, टेबलाशी आले आणि त्यांनी माझा स्क्रू काढला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच दोन झाले. थरथरत्या हातांनी त्यांनी खालचं पातं वर घेतलं, वरचं खाली आणि स्क्रू पुन्हा पिळला. त्यांना वाटलं, उलटी केली की झाली डाव्या हाताची. अहो, असं होतं का कुठे? माझ्या पोटाकडच्या बाजू बाहेर गेल्या, पाठीला पाठ लागली. चिंधीसुद्धा कापेना. त्यांनी पुन्हा स्क्रू काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. तेवढ्यात धाकटे मास्तर जिना उतरून आले.

"बाबा, हे काय?"

"उलटी करून बघतोय. पोरीला डाव्याने धरता येईल."

धाकट्या मास्तरांनी माझं एक सुटं पातं हातात घेतलं. "माझ्या वेळी नाही उलटी केलीत."

"नाही. तुझ्या वेळी कातर तशीच ठेवली आणि तुला उलटं केलं." म्हाताऱ्याने मान वर केली. "चुकलं माझं."

असं बोलणं या दुकानात पूर्वी कधी झालं नव्हतं. बापलेक दोघेही टेबलाला धरून उभे होते. मिठू आणि सूनबाई जिन्यात थबकल्या होत्या. मग मिठू खाली आली, आपली कॉलेजची पिशवी तिने टेबलावर ठेवली आणि आतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कातर होती. माझ्याएवढीच, पण सगळं उलट, मी आरशात दिसेन तशी.

"आजोबा, डाव्या हाताची कातर मिळते," ती हळू आवाजात म्हणाली. "कॉलेजात मी हिच्यानेच कापते. घरी कधी बाहेर काढली नाही, बाबाला वाईट वाटेल म्हणून."

"मिळते?" मोठे मास्तर म्हणाले. "कधीपासून?"

"बाबा जन्मायच्या आधीपासून मिळते, आजोबा."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांनी सगळं आयुष्य कातरीबरोबर काढलं होतं, आणि विचारायचं राहून गेलं होतं. धाकट्या मास्तरांनी रागवायला हवं होतं, तसा त्यांचा हक्कच होता. ते रागावले नाहीत. त्यांनी वडिलांना खुर्ची सरकवून दिली.

"बाबा, आधी तू," मिठूने कातर पुढे केली.

"मला नाही जमायचं आता."

"मुंढा काढ," मोठे मास्तर म्हणाले. "ह्याच हाताने. दुपारी काढतोस तसा. मला दिसतं इथून."

म्हणजे ही गोष्ट आम्हा दोघींपुरती नव्हतीच तर. धाकट्या मास्तरांनी कापड पसरलं, डाव्या हाताने रेघ ओढली आणि डाव्या हातात कातर घेतली. मी बाजूला सुटी पडले होते, पण माझी नजर त्या अंगठ्यावर होती. तो हलला, आणि या वेळी त्याला कोणी गप बसवलं नाही. खांद्यापासून काखेपर्यंत ती कातर एका दमात गेली. मीसुद्धा कधी इतकी सुरेख धावले नव्हते, हे सांगताना मला जड जातंय.

मोठ्या मास्तरांनी कडेवरून बोट फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. "चालेल" म्हणाले नाहीत. म्हणाले, "धाकटे मास्तर, माझा एक कोट बेता."

आता टेबलावर धाकटे मास्तर आणि मिठू आळीपाळीने कापतात. आणि माझं काय, विचाराल तर मला सूनबाईने पुन्हा जोडलं. स्क्रू पिळला, तेल दिलं, चिंधीवर धार बघितली आणि म्हणाली, "मी तर उजवीच आहे की. मला कोणी विचारलंच नाही." तेव्हापासून मी तिच्या हातात आहे. हात पक्का आहे तिचा. ती आधी माप बघते, मग पुन्हा माणसाकडे बघते आणि मगच मला उघडते.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. पोराच्या हातात काही द्याल तेव्हा ते हात कसे आहेत, हे आधी बघा. मला बदलायला जाऊ नका, मी लोखंड आहे, बदलत नाही. माणसं बदलतात. म्हातारपणीसुद्धा, थरथरत्या हातांनी, स्क्रू काढून. मी पाहिलंय.