अनेक्वेचा उजवा हात

मी इकेंगा बोलतोय. अनेक्वेचा इकेंगा. आमच्या इग्बो मुलखात घर मांडणाऱ्या पुरुषाजवळ अशी एक लाकडी मूर्ती असते. डोक्यावर दोन शिंगं, उजव्या हातात कोयता, डाव्या हातात शत्रूचं मुंडकं. माणसाच्या उजव्या हातातली ताकद म्हणजे मी. शेत पिकलं, कुस्ती मारली, बाजारात बोकड चांगला गेला, की श्रेय माझं, असं म्हणतात. मी तर जन्मभर त्या हुद्द्यावर बसलो होतो, पण काम नेमकं काय केलं ते मलाही आठवत नाही.

माझा जन्मही काही थोर नाही. कारागिराने इरोको झाडाच्या ओंडक्यातून दोन श्रीमंतांचे दोन मोठे इकेंगा काढले आणि उरल्यासुरल्यातून मला. त्यामुळे माझं डावं शिंग आखूड राहिलं. मुंडकं कोरताना त्याला जेवायची घाई झाली असावी, कारण जो येई तो विचारी, "याच्या हातात कोनफळ का दिलंय?" नाव मोठं, लक्षण खोटं, ते असं पहिल्या दिवसापासून.

अनेक्वेने मला पुढच्या खोलीत, भिंतीशी बसवलं. सकाळी तो कोलाची बी, आमच्यात पाहुण्याला मानाने देतात ती कडू बी, फोडायचा, एक पाकळी चावून माझ्या अंगावर फुंकायचा, थोडी ताडी सांडायचा आणि मग मागण्या सुरू. "माणूस हो म्हणाला की त्याचं दैवही हो म्हणतं," हे त्याचं पालुपद. तो मोठ्याने हो म्हणायचा. मी गप्प बसायचो, कारण मला तेवढंच येत होतं.

त्या वर्षी कोनफळांना कीड लागली. पुढच्या वर्षी शेजारगावच्या एका किरकोळ गड्याने त्याला कुस्तीत सगळ्यांदेखत आडवा केला. पाठीची माती न झटकताच तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"निकामी इकेंगाचं आमच्यात काय करतात, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. फोडून चुलीत घालतात. आमच्या लोकांचा देवाशी असा रोखठोक व्यवहार आहे. काम दाखव, नाहीतर जळण हो. इतर मुलखांत देव नुसता बसून खातो असं ऐकतो, तिथे जन्मलो असतो तर सुखात राहिलो असतो.

"राहू द्या त्याला," आतून त्याची बायको ओयिदिया म्हणाली. "जळण म्हणूनसुद्धा ओलाच निघेल तो."

तिचा माझ्यावर कधीच विश्वास नव्हता. तिने पाम तेल काढायला सुरुवात केली. घागरी डोक्यावर घेऊन ती दर बाजाराला पायी जायची, परत येताना मीठ आणायची, तेही विकायची. काही वर्षांत घरावर पत्रे चढले, मुलगा बेनेडिक्ट मिशनच्या शाळेत गेला. अनेक्वेने काय करावं? कोंबडा कापून त्याचं रक्त माझ्या शिंगांना लावलं आणि गावाला सांगितलं, "माझा इकेंगा जागा झाला." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. तिची मान घागरींनी दुखायची आणि कोंबडा मला.

एकदा ओनित्शा शहरातून एक माणूस आला. जुन्या मूर्ती विकत घेऊन तो परदेशी पाठवायचा. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "तुमचे लोक मूळचे कुठले?"

"आभाळातले," अनेक्वे म्हणाला. "आमचा मूळपुरुष एरी खाली उतरला तेव्हा जमीन म्हणजे नुसता चिखल होता. बिचारा वारुळावर बसून राहिला. मग अव्का गावच्या लोहाराने भाता चालवून जमीन वाळवली, तेव्हा कुठे त्याला पाय टेकता आला."

बेनेडिक्ट तेव्हा मास्तर झाला होता, सुट्टीला घरी आला होता. "बाबा, आभाळातून कुणी येत नाही. आपण इस्राएली लोकांचे वंशज. तेही आठव्या दिवशी सुंता करायचे, आपणही करतो."

"लोहाराचा भाता आहे का तुझ्या पुस्तकात?"

"मी कुठून आले ते सांगू?" ओयिदिया दारात उभी होती. "ओढ्यावरून. घागर घेऊन. आणि तुम्ही तिघं वाट अडवून बसलाय."

तिघं सरकले. पाहुणा हसून म्हणाला, "हा तर त्या एरीच्याच काळातला दिसतो." झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. काचेचं कपाट, वर विजेचा दिवा, गोरी माणसं वाकून बघतायत. माझं कोनफळसुद्धा तिथे मुंडकं ठरलं असतं. अनेक्वेने मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

"उजवा हात विकला तर जेवू कशाने?"

खरं सांगतो, मला तेव्हा त्याचा राग आला होता.

मग तो म्हातारा झाला आणि अंथरुणाला खिळला. आमच्यात माणूस गेला की थोरला मुलगा त्याच्या इकेंगाचे उभे दोन भाग करतो. उजवा भाग बापाबरोबर जमिनीत जातो, डावा रानात टाकतात. पण बेनेडिक्टच्या चर्चमध्ये गावातल्या मूर्ती गोळा करून जाळत होते, आणि मलाही देईन असा शब्द त्याने फादरना दिला होता. अनेक्वेला ते कळलं होतं.

"तिकडे माझे बाप-आजे कोला पुढे करतील," तो मुलाला म्हणाला. "मी काय डावा हात पुढे करू? एवढी लाज आणू नकोस माझ्यावर."

बेनेडिक्टने त्याच्या तोंडाला पाणी लावलं.

अनेक्वे गेला त्या दिवशी मला पहिल्यांदाच कुणी काही मागितलं नाही, आणि ते मला सोसलं नाही. अंगणात त्याची शवपेटी ठेवली होती. चर्चचा एक वडीलधारा माणूस मोठी टोपली घेऊन आला. बेनेडिक्टने मला उचलून त्या टोपलीकडे नेलं. तेवढ्यात ओयिदिया कुऱ्हाड घेऊन बाहेर आली.

"जाळायलाच नेताय ना?"

"हो आई."

"मग एवढा अख्खा कसा जळेल? तू जन्मलास त्याच्या आधीपासून ताडी पितोय तो. फोड आधी."

"तिकडे फोडतील."

"तिकडे दुसऱ्याचे हात आहेत. का छडी धरून धरून तुझे मऊ झाले?"

टोपलीवाला मान डोलावून म्हणाला, "फोड की मास्तर. मूर्ती फोडणं पुण्याचंच काम आहे."

बेनेडिक्टने आईकडे पाहिलं. ती काय मागतेय हे त्याला कळत होतं, आणि त्याला कळलंय हे तिला. त्याने मला ओट्याच्या दगडावर उभं केलं. पहिला घाव आखूड शिंगावरून घसरला. वाकडातिकडा फुटलो तर उजवा हातच तुटेल या भीतीने मी जन्मात पहिल्यांदा स्वतः काहीतरी मागितलं. कुणाकडे, ते देवांनाही ठाऊक नसतं. दुसरा घाव बरोबर मधोमध बसला.

बेनेडिक्टने कोयत्याच्या बाजूचा, उजवा अर्धा भाग उचलला, बापाच्या अंगवस्त्रात गुंडाळला आणि पेटीत त्याच्या उजव्या कुशीत ठेवला.

"मास्तर, तो अर्धा?" टोपलीवाला म्हणाला.

"तो बाबांचा हात आहे," बेनेडिक्ट म्हणाला. "त्यांच्याबरोबर जाईल." आणि कुऱ्हाड पुन्हा हातात घेऊन तो रडला.

टोपलीवाल्याने रिकामी टोपली पालथी घातली आणि पेटीला खांदा द्यायला पुढे झाला.

तुमच्याशी बोलतोय तो डावा अर्धा. ओयिदियाने मला स्वतः केळींच्या मागे आणून टाकलं. आता मला वाळवी लागली आहे. वाळवीला तरी मी उपयोगी पडतोय. कुणी कीव करून मला उचलू नका, धुऊनपुसून कुठे ठेवू नका. अनेक्वेने माझ्याकडे जे जे मागितलं, त्यातलं काही मला देता आलं नाही. तिकडे कोला पुढे आला असेल तेव्हा त्याने उजवा हात पुढे केला असेल, तेवढं एक बहुतेक माझ्याकडून झालं.