चर्चमधला कडबा

कुदळीचा दांडा कानशिलावर बसला तेव्हा बसू गवंडी कडब्याची पेंढी खांद्यावर घेऊन चर्चमधून बाहेर, दाराकडं निघाला होता. पेंढी सुटली, बसू तिच्यावरच कोसळला. दुसरा दणका पाठीत बसला.

"वीस वर्सं माजा कडबा हाय हितं," अजिनाथ म्हणाला. "तवा कुटं होता तुमी?"

मिशनचं ते जुनं दगडी चर्च गावानं मिळून दुरुस्त करायला घेतलं होतं. ख्रिस्ती घर आता एकच उरलेलं, दगडाबाईंचं. त्यांनीच सांगितलं होतं, रविवार माझ्या प्रार्थनेला ठेवा, बाकीचे सहा दिवस पोरींना अभ्यासाला. छप्पर झालं, चुन्याचा गिलावा निम्म्यावर आला, आणि गाडं अडलं ते अजिनाथच्या कडब्यापाशी. अभ्यासाच्या यादीत पहिलं नाव मात्र त्याच्याच पोरीचं, दहावीतल्या ऋतुजाचं.

तिसऱ्यांदा दांडा वर गेला तो ऋतुजानं धावत येऊन धरला. बापानं दांड्यासकट तिला भिंतीवर आपटलं. ओठ फुटला, तोंडात रक्त आणि ओला चुना एकदमच आला. तिनं दांडा काही सोडला नाही. शेवटी कामावरच्या चौघांनी मिळून अजिनाथला आवळून धरलं.

कुणी तरी फोन केला, तासाभरात हवालदार आले.

"कुणी मारलं?"

बसूनं डोक्यावरचा, रक्तानं लालभडक झालेला टॉवेल दाबला. त्याचं नि अजिनाथचं घर एकाच बोळात.

"शिडीवरनं पडलो, सायेब."

"पडतंय की माणूस," मागून कुणी तरी म्हणालं. दोघंतिघं हसलीसुद्धा. चौघांचे हात सैल झाले. अजिनाथनं शर्टाची बटणं लावली.

"कडबा आत घ्या रं," तो म्हणाला.

ऋतुजानं दाराकडं पाहिलं. बायकांच्या घोळक्यात आई उभी होती, गोदावरी. आईसुद्धा सारखी पडायची. कधी न्हाणीत, कधी जिन्यावरून. दवाखान्यातली सिस्टर तसंच लिहून घ्यायची. घरात जिनाच नव्हता.

"बसूकाका पडले न्हाईत," ऋतुजा म्हणाली. फुटक्या ओठामुळं तिला सावकाश बोलावं लागत होतं. "आप्पांनी मारलं. मला बी."

"घरातलं घरात ठिवावं, पोरी," एक म्हातारा पुटपुटला.

हवालदारांनी पेन काढलं.

"आनखी कुणी बघितलं?"

मघाशी अजिनाथला धरणारे चौघं पायाखालच्या फरशीकडं बघत राहिले. भिंतीशी उभ्या दगडाबाईंनी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात घोळका हलला. गोदावरीनं गालावर गच्च धरलेला पदर सोडला, खालचा काळानिळा वळ दिसला, आणि उंबरा ओलांडून ती आत हवालदारांसमोर आली.