अडकलेलं हक्कसोडपत्र

केशरी दिवा लुकलुकत होता, प्रिंटरच्या कोपऱ्यातला, तुरीच्या दाण्याएवढा, आणि क्रांतीला वाटलं, अंगठ्याने दाबून तो फोडावा. स्क्रीनवर रांगेत एकच फाईल. छापतोय म्हणते आणि हूं नाही की चूं नाही. शाहूपुरीतल्या या टायपिंगच्या दुकानात तिने आजवर लोकांची ढिगाने हक्कसोडपत्रं छापली, सह्या करताना अडखळणाऱ्या बहिणी पाहिल्या, त्यांना चहा पाजला. आज तिचं स्वतःचं होतं आणि नेमकं तेच मेलं घशात अडकलं. वडिलांची कोडोलीची जमीन... त्यातला तिचा हिस्सा... भावाच्या नावे, राजीखुशीने. राजीखुशीने! हा शब्दही तिनेच टाईप केला होता.

“आक्का, दाब की परत!” पाठीमागे धैर्यशील, धाकटा भाऊ. ती हात हलवायच्या आत त्याने वाकून स्वतःच एन्टर बडवला, बडवतच राहिला, आणि दर खेपेला रांगेत तेच हक्कसोडपत्र आणखी एकदा येऊन उभं राहिलं. मग त्याने प्रिंटरच्या डोक्यावर गुद्दा घातला. प्लास्टिक कडाडलं.

तो आवाज... सायकलचा पंप. ती सातवीत, याला सायकल दिली नाही म्हणून याने तो फेकून मारला, भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं आणि आई म्हणाली, भाऊ हाय, सोसायचं असतंय — आणि डॉक्टरला काय सांगितलं मी? पायरीवरून पडले. कुणी शिकवलंही नव्हतं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर त्याने आणलेली पिशवी होती, सही झाल्यावर बहिणीला द्यायची साडी, रीतच आहे ती. ती साडी याच्या गळ्याला आवळावी आणि पिळावी, पिळतच राहावं, डोळे बाहेर येईपर्यंत... इतकं लख्ख दिसलं तिला की बोटं दुखायला लागली. याच बोटांनी दर भाऊबीजेला ओवाळते ना याला?

“हुतंय का न्हाय? आज सही झाली न्हाय तर माहेरचा उंबरा इसरायचा, सांगून ठेवतो.”

“थांब जरा.”

उपाय तिला तोंडपाठ होता. छपाईची रांग सांभाळणारा स्पूलर बंद करायचा, त्याच्या फोल्डरात तुंबलेल्या फायली पुसायच्या, पुन्हा चालू करायचा. तिने केलं. रांग रिकामी झाली. प्रिंटर गुरगुरला आणि गप्प होऊन वाट बघत बसला. आता एक एन्टर, बस्स.

बोट एन्टरवर गेलं आणि तिथेच राहिलं. माहेर... काय उरलंय तिथे? आई गेली. उंबरा याचा, शिव्या याच्या. तरी... सख्खा भाऊ तुटायचा म्हणजे काय चेष्टा आहे?

“झालं का गं?”

“न्हाय. अजून अडकलाय,” क्रांती म्हणाली, आणि आपला आवाज इतका थंड कसा, याचं तिलाच नवल वाटलं.

धैर्यशीलने दातओठ खाल्ले. मूठ पुन्हा वर गेली, प्रिंटरवर पडणार की आपल्यावर, ते तिला कळलं नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते आधी ओळखून अंग चोरायची तिला घाई वाटली नाही.